शिक्षा संपल्याची तारीख

आटपाडीकडे जाताना माणदेशाचा माळ संपता संपत नाही. कुसळांनी पिवळी पडलेली जमीन, बाभळी, मधेच एखादी हिरवीगार डाळिंबाची बाग आणि मेंढरं हाकत निघालेला धनगर. माणगंगेचं पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडं असतं. या मुलखाने कुणाला काही आयतं दिलं नाही. पाण्यासाठी, चाऱ्यासाठी इथल्या पिढ्यान्‌पिढ्या वणवण फिरल्या. अशा या माळावर, आटपाडीच्या जवळ, स्वतंत्रपूर आहे.

स्वतंत्रपूर म्हणजे तुरुंग. राज्याच्या कारागृह विभागाची ती मुक्त वसाहत आहे. इथले रहिवासी शिक्षा भोगणारे कैदी. खुनासाठी जन्मठेप झालेली माणसंही त्यांच्यात असतात. ती शेतात राबतात आणि बायकामुलांसोबत राहतात. भोवती उंच तट नाही. निघून जायचं मनात आणलं तर समोर सगळा माळ मोकळा आहे. तरी माणसं राहतात, पेरतात, पाणी धरतात, संध्याकाळी हजेरी देतात. या साध्या गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. ज्याच्या हातून जीव गेला त्याच्या हातात खुरपं आणि विळा द्यायचा आणि रात्री निवांत झोपायचं, हे धाडस पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल?

सुचलं ते औंध संस्थानात, 1939 च्या सुमारास. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे, यमाईच्या डोंगरावर कलासंग्रह उभा करणारे रसिक गृहस्थ. 1939 च्या जानेवारीत त्यांनी आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना दिली. तिच्या मागे गांधीजींचा सल्ला होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याची धडपड होती. कैद्यांच्या मोकळ्या वसाहतीमागेही हाच फ्रीडमन होता. राजाने सिंहासनावरची पकड सैल केली आणि त्याच काळात कैद्याच्या कोठडीचं कुलूप निघालं. मला हा योगायोग वाटत नाही. राज्य कसं चालवायचं हे आपल्या रयतेला कळेल, असा ज्याला भरवसा असतो, त्यालाच चुकलेला माणूस पुन्हा नीट चालेल असंही वाटू शकतं.

या वसाहतीची गोष्ट पुढे पडद्यावर आली. गदिमा याच आटपाडी भागातले. त्यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. आदिनाथ नावाचा जेलर सहा खुन्यांना एका उजाड जमिनीवर घेऊन जातो आणि त्यांच्याकडून भाजीपाला पिकवून घेतो. लहानपणी हा सिनेमा पाहिल्यावर मला जेलरचे डोळे आठवत राहिले. मोठेपणी मात्र बाजाराचा प्रसंग जास्त लागतो. ते सहा जण पिकवलेली भाजी रास्त भावात विकायला बसतात आणि तिथले व्यापारी ते सहन करत नाहीत. खून करणारे हात शेतीकामात सुधारले, पण बाजारात त्यांना जागा मिळेना. सिनेमातल्या माणसांची खरी परीक्षा शेतात झाली नाही, ती गावाच्या बाजारात झाली.

औंध संस्थानाच्याच हद्दीत, 1910 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे त्यांनी रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांच्या भीतीने लोक दारं लावून घेत, त्यांच्याच भरवशावर आख्खी वाडी झोपू लागली. त्या माणसांना लक्ष्मणरावांनी आधी उपदेश केला की नाही, ठाऊक नाही. काम मात्र दिलं, तेही सगळ्यात जबाबदारीचं.

आमच्या गावातही एक जण जन्मठेप भोगून परत आला होता. बांधावरून भांडण पेटलं, कुऱ्हाड उचलली गेली आणि चुलत भाऊ गेला. पोरं त्याला अण्णा म्हणत, म्हणून मीही इथे अण्णाच म्हणतो. येरवड्यात तो सुतारकाम शिकला होता. रंधा, पटाशी, करवत यांवर त्याचा हात असा बसला होता, की चौकटीचा सांधा बोटाने चाचपला तरी लागू नये. पण गावात त्याला काम कुणी सांगेना. तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. पारावर तो आला की बोलणं आटपायचं. गिरणीत त्याचा डबा मागे सरकायचा. सलूनमध्ये खुर्ची रिकामी असली तरी त्याला बाकावर थांबावं लागायचं. त्याच्या मुलीची सोयरीक दोनदा ठरत आली आणि मोडली. ‘आत जाऊन आलेला’ एवढीच त्याची ओळख उरली होती, आणि ती त्याच्या मुलीलाही वारशात मिळाली होती.

एका आषाढीला माझी आजी पंढरपूरला निघाली. घरातली बाकीची माणसं मुंबईला होती. तिने अण्णाला बोलावून घेतलं.

“आरं, गाय व्यालीया. दोन येळंला धार काढायची. वासराला आदी सोडायचं. ही घे किल्ली.”

गोठ्याची वाट घरातून होती. म्हणजे ती किल्ली घराची होती. अण्णा तिच्याकडे बघतच राहिला. “काकी, मला देताय?”

“मग कुणाला देऊ? तुझ्या हातावर पान्हा सोडती ती.”

एवढंच. आजीने त्याला माफ केलं, असं मला आजही वाटत नाही. गेलेला मुलगा तिच्या माहेरच्या नात्यातला होता. त्याच्या आईच्या शेजारी, तिच्या दुःखात, आजी कितीदा तरी नुसती बसून राहिली होती. पाप, पश्चात्ताप, क्षमा यातलं काही ती त्या दिवशी बोलली नाही. तिने काम सांगितलं आणि त्या कामासाठी लागते तेवढी मोकळीक दिली. परत आल्यावर गोठा झाडून लख्ख होता आणि मागच्या दाराची खिळखिळी झालेली कडी दुरुस्त केलेली होती. पुढे शाळेच्या बाकांचं काम त्याला मिळालं, मग एका घराच्या खिडक्यांचं. सगळा गाव बदलला असं नाही, पण अण्णाचं घर चालू लागलं.

आजीच्या त्या वागण्यातून मला एक गोष्ट उमगली, आणि पुढचं सगळं म्हणणं तिच्यावरच उभं आहे. क्षमा करण्याचा हक्क ज्याच्यावर घाव झाला त्याचा. ती त्याने करावी असा आग्रह धरणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. ज्या आईचा मुलगा गेला तिने खुन्याला पाहून आयुष्यभर तोंड फिरवलं, तर तिला कुणी मोठ्या मनाचे धडे देऊ नयेत. पण संधी देणं ही निराळी गोष्ट आहे आणि ते काम बाकीच्या आपल्या सगळ्यांचं आहे. आपल्यावर घाव झालेला नसतो. तरी आपण त्या आईचं दुःख उसनं घेतो आणि त्याच्या आडून स्वतःची भीती, स्वतःचा आळस झाकतो.

सुधारलेल्या माणसाचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास वाल्या कोळ्याची गोष्ट निघते. ती गोष्ट मला प्रिय आहे, पण आपण तिचा फार सोयीचा अर्थ लावला आहे. वाल्याचा वाल्मीकी झाला की आपण हात जोडतो. वाल्याचा नुसता सुतार झाला, ड्रायव्हर झाला, शेजारी झाला, तर मात्र त्याच्याकडे बघायला तयार नसतो. चुकलेल्या माणसाने ऋषी होऊन दाखवावं, महाकाव्य रचावं, तरच त्याला गावात घेऊ, ही अट आपण स्वतःला तरी लावू का? तुरुंगातून सुटलेल्या माणसाला वारूळ नको असतं. त्याला रेशनकार्डावर नाव, भाड्याची खोली आणि महिन्याच्या महिन्याला हातात पडणारा पगार हवा असतो.

आणि इथेच तो अडतो. रखवालदाराची नोकरी असो, गाडी चालवायची असो, की सोसायटीत खोली घ्यायची असो, चारित्र्य पडताळणीचा कागद आडवा येतो. त्या कागदावर गुन्हा लिहिलेला असतो, शिक्षाही असते. मधल्या वर्षांत माणूस काय शिकला, कसा वागला, किती वेळा रजेवर जाऊन ठरल्या दिवशी स्वतःच्या पायाने परत आला, हे नसतं. शिक्षा ठरलेल्यांचं सोडा, भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी जवळपास तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. त्यांतला कुणी निर्दोष सुटला तरी गावाच्या तोंडी तो ‘आत जाऊन आलेला’च राहतो.

आपल्या कायद्याला हे दुखणं अजिबात कळत नाही असं नाही. परिवीक्षेवर सोडलेल्या गुन्हेगाराला त्या दोषसिद्धीमुळे कुठली अपात्रता चिकटू नये, अशी तरतूद 1958 च्या कायद्यात आहे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत 2015 चा बाल न्याय कायदा, काही अतिगंभीर प्रकरणं वगळता, ठरावीक काळानंतर नोंदी नष्ट करायला सांगतो. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका तरुणाचं प्रकरण आलं होतं. कोवळ्या वयातल्या एका मारामारीच्या खटल्याची, ज्यातून तो सुटला होता, माहिती न दिल्यामुळे त्याची पोलिसातली निवड अडली होती. न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि निकालात व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या ज्याँ व्हालज्याँची आठवण काढली. भुकेपोटी पाव चोरला म्हणून जन्मभर चोराचा शिक्का कपाळी आलेला तो माणूस. पण शिक्षा पूर्ण केलेल्या सज्ञान माणसाची जुनी नोंद काही वर्षांच्या सरळ वागण्यानंतर मागे पडावी, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे अजून नाही. ब्रिटनने तो 1974 मध्ये केला.

शिक्का पुसायची सोय नसली की काय होतं, हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती होत्या. 31 ऑगस्ट 1952 ला हा शिक्का कायद्याने निघाला. लोकांच्या मनातून तो निघाला नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आजही कुठे चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालांवर जाते. ज्या मुलाकडे सतत चोर म्हणून पाहिलं जातं त्याला शाळेच्या बाकावर बसवणं किती अवघड असतं, हे त्या वस्त्यांत शिकवणाऱ्या शिक्षकांना विचारावं.

संधीला मर्यादा असाव्यात, हे मला मान्य आहे. लहान मुलांवर अत्याचार केलेल्याला शाळेच्या आवारात काम नको. लोकांच्या ठेवी बुडवणाऱ्याच्या हाती पतसंस्थेची तिजोरी नको. जी जखम ज्या कामातून झाली, त्या कामाचं दार बंद राहावं. बाकीची दारं कशासाठी बंद ठेवायची? काम नसलेला, खोली न मिळालेला, पारावरून उठवला गेलेला माणूस शेवटी त्यालाच ओ देतो जो त्याला हाक मारतो, आणि ती हाक बहुधा जुन्या साथीदाराची असते. समाजाची सुरक्षितता ज्यांना मनापासून हवी आहे त्यांनीच सुटून आलेल्या माणसाच्या रोजगाराची सगळ्यात जास्त काळजी करायला हवी.

न्यायालय शिक्षा देतं तेव्हा तिला सुरुवात असते आणि शेवट असतो. माफीचे दिवस वजा करून तुरुंगाच्या दप्तरात सुटकेची तारीख लिहिली जाते. त्या तारखेनंतर आपण जी शिक्षा देत राहतो ती कुठल्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते, तिच्यावर अपील करता येत नाही आणि ती मुलांनाही भोगावी लागते. असा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. सरकारने जुन्या नोंदी मागे टाकणारा कायदा करावा, आणि तो होईपर्यंत आपण थांबू नये. तुमच्या दुकानात, कारखान्यात, शेतावर कुणी काम मागायला आला आणि स्वतःहून म्हणाला, की मी आत होतो, तर त्याने काय केलं हे जरूर विचारा. मग त्याला काय काम येतं हेही विचारा. आणि काम असेल तर द्या.