आजीव सभासद, मुदत १९६३

९ ऑगस्ट २०२५, शनिवार. राखी पौर्णिमा
लिनक्सची डेबियन १३ आली. ३२ बिट इंटेल यंत्रांसाठी आता ना इन्स्टॉलर, ना कर्नल. जुने प्रोग्राम ६४ बिट यंत्रावर चालवण्यापुरती सोय तेवढी ठेवली आहे. म्हणजे ग्रंथालयांसाठी मी लिहिलेल्या प्रोग्रामचंही ठरवायला हवं. ताई ओवाळत होती तेव्हाही डोक्यात हेच. बोलणी खाल्ली.

१७ ऑगस्ट, रविवार
बऱ्याच महिन्यांनी ३२ बिटची बिल्ड स्वतः चालवून पाहिली. आजीव सभासदांना आम्ही ३१ डिसेंबर २०९९ ही मुदत देतो. इथे दिसली १९६३! गेल्या वर्षी मी तारीख सेकंदांत साठवायला लागलो. ३२ बिटच्या मोजणीत १९ जानेवारी २०३८ च्या पुढे जागा नाही, आकडा उलटून मागे जातो. डेबियन १३ ने इतर ३२ बिट यंत्रांसाठी ही मोजणी ६४ बिटची केली. इंटेलची मुद्दाम जुनीच ठेवली, नाहीतर आधीचे तयार प्रोग्राम चालले नसते.
वर्षभर ही चूक बाहेर होती. एकाचीही तक्रार नाही. म्हणजे वापरणारंच कोणी उरलं नाही, असं धरून चालायला हरकत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
लायनस टॉरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलवर काम करणाऱ्या इंगो मोल्नार यांनी तेच ३८६ काढणारे पॅच पाठवले. टॉरवाल्ड्सनं जराही हळवं न होता ते घेतले, आणि कर्नल ३.८ पासून ३८६ बाद झालं. ‘फक्त वाचा’ म्हणून राखलेल्या मेमरीच्या पानावर खुद्द कर्नलच लिहू लागला तर ३८६ त्याला अडवत नाही. पुढच्या चिप्समधल्या काही सूचनाही त्यात नाहीत. त्या एकासाठी जागोजागी आडवाटा सांभाळाव्या लागत. यंदा एप्रिलमध्ये मोल्नार यांनीच ४८६ काढायचे पॅच मांडले.
पटतं. पण नवा कर्नल हवा म्हणून ३८६ घेऊन त्यांच्या दारात कोण उभं होतं?

३ सप्टेंबर, बुधवार
गौरी काल गेल्या. कोकणातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला, पुस्तकांच्या लेबलांबद्दल. त्यांच्याकडे देणगीत मिळालेली चार नेटबुक आहेत, प्रोसेसर ॲटम एन२७०. म्हणजे निव्वळ ३२ बिट. मी घाबरत आजीव सभासदांचं विचारलं.
“त्यांना आम्ही वहीत लिहितो, सर. तुमचा प्रोग्राम त्यांना बाद म्हणतो ना!”
“मग कळवलं का नाही?”
“आमचंच काही चुकत असेल असं वाटलं.”
मला काय बोलावं सुचेना. तक्रार नाही म्हणजे माणूस नाही, हे माझं गणित साफ खोटं. आणि जे मी कधी चालवूनही पाहत नव्हतो त्याला ‘३२ बिटवर चालते’ असं छापणं, तेही खोटंच.

७ सप्टेंबर, रविवार
ठरलं. तारीख पुन्हा मजकुरात साठवायची. ३२ बिटची हीच शेवटची आवृत्ती, नवीन सोयी नाहीत, फक्त चुका दुरुस्त. तेही ३० जून २०२८ पर्यंत, म्हणजे डेबियन १२ ची लांबलेली मुदत संपेपर्यंत. त्यापुढे माझ्याच्यानं होणार नाही, हे बाईंना आजच फोनवर सांगितलं. चाचणीला एक नेटबुक मागितलं. “एसटीनं पाठवते,” म्हणाल्या.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
नेटबुक आलं. १ जीबी रॅम, बॅटरी मेलेली, चार्जर लावूनच चालतं. सुरू व्हायला इतका वेळ की चहा झाला. आजीव सभासद: मुदत ३१ डिसेंबर २०९९.