लुगडं हिरवं होतं

माझे बाबा भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. बंद पडलेला माग चालू करून द्यायचा हे त्यांचं काम, पण जीव सगळा डॉबीत. डॉबीच्या लाकडी पट्ट्यांना भोकं असतात. ज्या भोकात खुंटी बसवली असेल त्याच्या पाळीला ठरावीक धागे वर उचलले जातात आणि खुंटी नसेल तिथे ते खालीच राहतात. एवढ्याच हिशेबावर कापडात चौकडी उमटते, शंकरपाळ्यांची नक्षी उमटते. खुंट्या बदलल्या की बाबा हातभर कापड विणून होईपर्यंत थांबायचे आणि मग दहा पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघायचे. पापण्यांवर कापसाची भुकटी बसलेली असायची. मग परत पुढे यायचे आणि कापडाला जवळजवळ नाक लावून धागा न् धागा तपासायचे. मागे का जायचं ते मला लहानपणीच कळलं होतं. पुढे का यायचं ते कळायला काल्हेरच्या एका आजींची गाठ पडावी लागली.

मी डिजिटल मोझॅक करते. शेकडो छोटे फोटो असे मांडायचे की लांबून बघणाऱ्याला त्या सगळ्यांचा मिळून एकच चेहरा दिसावा. काल्हेरच्या घरात खिडकीजवळ माझं टेबल आहे. खाली ठाणे-भिवंडी रस्ता, त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, आणि गोदामांकडे वळायची वाट बघत उभे असलेले कंटेनर. इथे कुणाला ‘मी मोझॅक करते’ असं सांगितलं, की त्यांना गच्चीवरचं चायना मोझॅक आठवतं. ती आठवण मला आवडते. गवंडी फुटक्या लाद्यांच्या ढिगातून एक तुकडा उचलतो, हातात फिरवून बघतो, बसत नसेल तर हातोडीनं त्याचा कोपरा उडवतो आणि पुन्हा लावून बघतो. माझंही काम तेच. फक्त माझ्या ढिगातला तुकडा म्हणजे कुणाचं तरी लग्न असतं, कुणाचं तरी बारसं. कोपरा उडवताना हात आखडतो.

ही कला संगणकाची म्हणून ओळखली जात असली, तरी तिचं मूळ मागावर आहे असं मी मानते. 1839 साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकार यांची तसबीर रेशमात विणली गेली, त्यांनीच घडवलेल्या मागाच्या पद्धतीनं. तिला भोकं पाडलेली सुमारे 24,000 कार्डं लागली. लांबून ती कोरीव छापचित्रासारखी दिसते. त्यातलं एकेक कार्ड म्हणजे बाबांच्या खुंटीची थोरली बहीणच. पुढे 1966 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लिऑन हार्मन आणि केनेथ नोल्टन यांनी एका छायाचित्राचे बारीक चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाच्या उजेडानुसार त्या जागी एकेक चिन्ह बसवलं. जवळून नुसती चिन्हं, लांबून आडवी झालेली स्त्री. त्याच हार्मननं 1973 साली अब्राहम लिंकनचा चेहरा अवघ्या अडीचशेच्या आसपास चौकोनांत दाखवला, आणि साल्वादोर दालीला त्याची अशी भुरळ पडली की 1976 च्या एका चित्राच्या नावातच त्यानं सांगून टाकलं, वीस मीटरवरून बघा, लिंकन दिसेल. नव्वदच्या दशकात एमआयटीत शिकणाऱ्या रॉबर्ट सिल्व्हर्सनं चिन्हांच्या जागी खरे फोटो आणले. ‘द ट्रुमन शो’ या 1998 च्या सिनेमाचं पोस्टर ज्यांनी पाहिलंय त्यांना मी कशाबद्दल बोलते आहे ते लगेच कळेल.

काल्हेरच्या त्या आजींचं काम सहस्रचंद्रदर्शनाचं होतं. ऐंशी वर्षं उलटून काही महिने झाले की माणसानं हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात. घरच्यांना त्यांचा मोठा फोटो हवा होता, सगळ्या गोतावळ्याच्या फोटोंतून घडवलेला. आठ दिवसांत माझ्याकडे तीन हजारांवर फोटो जमा झाले. शुभ सकाळचे गुलाब, एकाच क्षणाचे पाच-पाच फोटो, हललेले, अर्धवट असे सगळे काढून टाकल्यावर चौदाशे उरले. पैकी निम्मे हळदीचे. आगरी घरातली हळद म्हणजे अंगण पिवळं, माणसं पिवळी, मागचा पडदासुद्धा पिवळा.

इथे नवख्यांची पहिली चूक होते. फोटो किती आहेत ते मोजतात, कोणत्या उजेडाचे आहेत ते बघत नाहीत. चेहरा उभा राहतो तो गडद आणि फिकट यांच्या फरकावर, रंग नंतर येतो. म्हणून मी आधी सगळे फोटो काळ्या-पांढऱ्यात बदलून अंधाराकडून उजेडाकडे ओळीनं लावते. आजींच्या ढिगात मधला भाग ओसंडून वाहत होता आणि दोन्ही टोकं रिकामी. डोळ्यांची बुबुळं कशाची करणार? पांढरे केस कशाचे? मी घरच्यांकडे पुन्हा गेले आणि सांगितलं, मला रात्रीचे फोटो हवेत आणि पांढऱ्या वस्तूंचे हवेत. विसर्जनाच्या रात्रीची खाडी मिळाली, गोदामाचं अर्धं उघडं शटर मिळालं. पांढऱ्यासाठी धाकट्या सूनबाईंनी सकाळी भाकऱ्या करता करता तव्यावरचे फोटो काढून पाठवले. आजींचे केस तांदळाच्या भाकऱ्यांचे झाले. ही कल्पना माझी नव्हती, पण त्या चित्रातली मला सगळ्यात आवडलेली जागा तीच.

मूळ चेहऱ्याचा फोटो निवडताना मी हट्टी आहे. समोरून फ्लॅश मारलेला फोटो घेत नाही. एका बाजूनं उजेड आलेला हवा म्हणजे नाकाची सावली पडते, गालाचा उंचवटा कळतो. चेहऱ्यानं चौकटीचा निदान दोनतृतीयांश भाग व्यापलेला हवा. आजी दारात बसून जाळीकडे बघतायत असा एक फोटो होता, तो घेतला. चार फूट बाय पाच फूट आकार, आडवे चाळीस आणि उभे पन्नास, असे दोन हजार चौकोन. प्रत्येक चौकोन सव्वा इंचाहून किंचित लहान. याहून बारीक केला असता तर लांबून चेहरा आणखी गुळगुळीत झाला असता, पण मग तुकड्यातली माणसं ओळखू आली नसती. फक्त डोळे आणि ओठ यांच्या जागी मी एका चौकोनाचे चार केले. नजर तिथेच पहिली जाते. एकच फोटो आठ चौकोनांच्या आत पुन्हा येऊ द्यायचा नाही, हेही प्रोग्रामला बजावलं. नाहीतर गालावर एकच जावई वीस वेळा हसताना दिसतो.

एक गोष्ट जरा खोलात सांगते, कारण ती मला फार उशिरा उमगली. प्रोग्राम प्रत्येक फोटोचा सरासरी उजेड काढतो. पडद्यावर काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे 255. अर्धी घरं काळी आणि अर्धी पांढरी असा पट असेल तर सरळ सरासरी 127 येते. पण तोच पट लांबून बघा, डोळ्याला तो 188 च्या करड्याइतका उजळ दिसतो. फाइलमधले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात चढत नाहीत, म्हणून हा फरक. आकडे आधी खऱ्या प्रकाशात बदलायचे, मग सरासरी काढायची आणि मग परत फिरवायचं, हा त्यावरचा उपाय. हे न करता मांडलेल्या मोझॅकमध्ये उन्हा-सावलीचे फोटो गडद जागी जाऊन बसतात आणि तिथे पांढुरके डाग उठतात. काळा ताणा आणि पांढरा बाणा घातला की कापडाचा करडा केवढा उजळ येईल, हे बाबा धागा हातात धरूनच सांगायचे. मागावर ती सरासरी डोळाच काढतो.

शिवाय नुसता उजेड जुळून भागत नाही. प्रत्येक चौकोनाचे पुन्हा तीन बाय तीन असे नऊ भाग करून नवाच्या नवांची तुलना करावी. मग तुकड्याच्या आतली रेषा चेहऱ्याच्या रेषेला येऊन मिळते. आजींच्या हनुवटीची कड एका गोदामाच्या उतरत्या पत्र्यानं सांभाळली आहे. कितीही शोधून मी हातानं तो तिथे बसवू शकले नसते.

एवढं करूनही चेहरा थोडा खरबरीत दिसत होता. गालावर हळदीची छटा जास्त झाली होती. तारीख जवळ आली होती आणि मी ते केलं जे या कामात बहुतेक जण करतात. मूळ चेहऱ्याचा रंग पातळ करून सगळ्या तुकड्यांवर पसरला. पस्तीस टक्के. सगळं एकदम मऊ झालं, त्वचा त्वचेसारखी दिसायला लागली. दहा पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला समाधान वाटलं. छापून, काच लावून दिलं.

समारंभाच्या दिवशी सगळे लांब उभे राहून वाहवा करत होते. आजींना लांबचं नीट दिसत नाही. त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि चष्मा वर सरकवून तुकडे बघू लागल्या. स्वतःचा एवढा मोठा चेहरा त्यांनी पाहिलाच नाही. बराच वेळ बोट काचेवरून फिरत राहिलं, आणि मग गळ्याजवळच्या एका तुकड्यावर थांबलं. भातलावणीच्या चिखलात उभी असलेली त्यांची थोरली बहीण. ती आता नाही, आणि रंगीत फोटो तिचा तेवढा एकच. आजींनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘पोरी, हिचं लुगडं तपकिरी कसं झालं? हिरवं होतं ते.’

तक्रारीचा सूर नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, ‘आजी, चुकलं माझं, बदलून देते.’

त्या रात्री मी पातळ रंगाचा तो थर शून्यावर आणला. प्रत्येक फोटो जसा होता तसा. चेहरा अर्थातच विस्कटला. मग तीन आठवडे प्रोग्राम बंद ठेवून हातानं काम केलं. गालावरचे हळदीचे फोटो उचलून कपाळाच्या उजेडाच्या बाजूला नेले, तिथे पिवळा ऊन होऊन गेला. गालासाठी मातीच्या अंगणाचे, विटांच्या भिंतीचे, सुक्या मासळीच्या ओट्यांचे फोटो नव्यानं मागवले. एखादी जागा काही केल्या जमेना, तेव्हा तुकड्याचा रंग न बदलता त्याची चौकट थोडी सरकवून बघितली. त्याच फोटोत आकाश जरा जास्त घेतलं की तो उजळ होतो. मात्र माणूस कापायचा नाही, ही मर्यादा ठेवली. बहिणीचं हिरवं लुगडं गळ्याजवळ टोचत होतं. ते मी आजींच्या पोलक्याच्या काठात नेलं. काठ हिरवाच होता.

दुसरी प्रत लांबून पहिलीइतकी गोड दिसत नाही. कपाळावर दोन ठिकाणी तुकडे वेगळे कळतात. चित्रकलेची जाण असलेल्या एका स्नेह्यानं ते लगेच दाखवूनही दिलं, आणि त्याचं बरोबर होतं. तरी आता कुणी काम घेऊन आलं की मी त्यांना आधीच सांगते, रंगाचा थर मी देणार नाही. त्याऐवजी तुम्ही मला आणखी तीनशे फोटो द्या. काही जण परत जातात.

मध्यंतरी त्या घरी जाणं झालं. चौकट ओसरीवरच्या बाकामागे लावली आहे आणि आजी तिथेच टेकून बसतात. काचेवर खालच्या बाजूला, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, लहान बोटांचे ठसे उमटलेले होते. पोरं बाकावर चढून तिथे काहीतरी शोधत असावीत. त्या ओळींत मी गडद हवेत म्हणून शटरचे आणि रात्रीच्या खाडीचे फोटो बसवले होते. पुढच्या कामात खालच्या पाच ओळींसाठी मी आधीच पोरांचे फोटो वेगळे काढून ठेवलेत, जरा सावलीत काढलेले.