सूना महलचे छज्जे

मंत्रालयात काम असलं की आम्हा यवतमाळकरांची सकाळ मोकळी जाते. धामणगावला संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस पकडायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. पण मंत्रालयात अभ्यागतांना प्रवेश दुपारी दोननंतर. अशाच एका सकाळी चर्चगेटहून समुद्राच्या दिशेने चालत गेलो. वीर नरिमन रोड मरीन ड्राइव्हला मिळतो त्या कोपऱ्यावर पाय थांबले. समोर पिवळ्या अंगावर मरून पट्टे ल्यालेला सूना महल.

टॅक्सीतून ही इमारत ओझरती दिसली होती. उभं राहून पाहिली ती तेव्हाच. पट्टे छज्ज्यांच्या ओळीने धावतात, कोपऱ्यावर गोल वळतात, नजरेलाही सोबत वळवतात. फाटकाशी वॉचमनने हटकलं, "कोणाकडे जायचंय, साहेब?"

"कोणाकडे नाही भाऊ, बिल्डिंग पाहतोय."

"पाहा की. खूप लोक थांबतात," म्हणाला आणि खुर्ची सावलीत ओढून बसला.

त्या सावलीनेच मला सगळं उलगडलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. खिडकीवर छज्जा नसला तर दुपारी त्या खोलीत बसवत नाही. इथे तोंड पश्चिमेला. उतरतं ऊन थेट अंगावर, आणि जूनपासून समुद्राकडून तिरका पाऊस. छज्जा दोन्ही अडवतो. ज्याला आपण नक्षी म्हणतो, ते इथलं काम आहे. रंगाने ते फक्त ठळक केलंय.

इमारत 1937 ची, आणि रचनाकार मराठी: गजानन बाबूराव म्हात्रे. ओव्हल मैदानासमोरचं एम्प्रेस कोर्टही त्यांचंच. गिरणगावातल्या चाळींत नळ-संडास सामाईक होते, त्या काळात भराव घातलेल्या या जमिनीवर स्वतंत्र न्हाणीघरांचे फ्लॅट उभे राहत होते. ते परवडणारे थोडेच, हेही खरं. पण बाहेरची बाजू म्हात्र्यांनी रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी देखणी केली, याचं मला मोल वाटतं. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि, सूना महल ज्या शैलीचा त्या, आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. म्हात्र्यांचं नाव मात्र आपल्या शाळांत कुणी सांगत नाही.

यवतमाळात हल्ली नव्या इमारतींना सपाट काचा लागतात, छज्जे गायब होतात, मग खोलीखोलीत एसी. घर बांधायला काढलेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: इंजिनिअरने नकाशा पुढे ठेवला की आधी छज्जा मागून घ्या.