सव्वा वर्षाच्या नातवाबरोबर डिस्नेत

आपल्या भागातून हल्ली अमेरिकेला जाणारे आई-वडील कमी नाहीत. मुलीचं किंवा सुनेचं बाळंतपण, नातवंडाचं पहिलं वर्ष असं काही निमित्त असतं आणि मुक्काम सहा महिन्यांचा. परत निघायची वेळ जवळ आली की मुलं एक सहल आखतात. ती पुष्कळदा फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डची असते. आम्हीही २०२४ च्या फेब्रुवारीत जाऊन आलो. मी, आमचे हे, लेक, जावई आणि सव्वा वर्षाचा नातू. एवढं लहान मूल घेऊन कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल, म्हणून हे लिहिते.

यांचा पहिल्यापासून विरोध. "अगं, याला यातलं काय आठवणार आहे? गावच्या जत्रेतला पाळणा दाखवला असता तरी हा एवढाच हसला असता." तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर. आम्ही चौघं मोठे, म्हणजे तेव्हाच्या भावाने ३३ हजार रुपयांहून जास्त, तेही एका दिवसाचे. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, नातू तेवढा फुकट. हे हिशेब मांडत राहिले तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, त्याला नाहीच आठवणार. पण तुम्ही दोघं आणि तो, असा एक पूर्ण दिवस मला हवाय." पुढे कुणी काही बोललं नाही. आठ दिवसांनी आमचं परतीचं विमान होतं आणि त्यानंतरच्या सोमवारपासून बाळ पाळणाघरात जाणार होतं.

डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक बाग नव्हे. सुमारे ४० चौरस मैलांचा तो पसारा आहे आणि त्यात चार मोठ्या बागा. तान्ह्या मुलासाठी त्यातली सगळ्यात जुनी 'मॅजिक किंगडम' तेवढी पुरे. बाकीच्यांचा मोह धरू नये. ही बाग १ ऑक्टोबर १९७१ ला उघडली. वॉल्ट डिस्नेला ती पाहायला मिळाली नाही, तो १९६६ च्या डिसेंबरातच गेला. थोरला भाऊ रॉय याने निवृत्ती बाजूला ठेवून काम पुरं केलं, आणि बाग उघडून तीन महिने व्हायच्या आत तोही गेला. जावयांनी हे सांगितल्यावर आमच्या यांचा सूर पहिल्यांदा जरा नरमला. भावांची गोष्ट कुठलीही असो, यांना ती लागतेच.

गाडी लावली म्हणजे पोचलो असं तिथे नाही. वाहनतळापासून मधलं मोठं तळं ओलांडावं लागतं, एक तर मोनोरेलने नाहीतर बोटीने. आम्ही बोट धरली, आणि लहान मूल असेल तर बोटच धरावी. वाऱ्यावर मूल शांत राहतं आणि समोर किल्ला हळूहळू मोठा होत जातो. १८९ फूट उंच आहे तो. तुम्ही बागेत चालता ती मुळात जमीनच नव्हे, दुसरा मजला आहे, हे सांगूनही खरं वाटत नाही. त्या भागात खणलं की पाणी लागतं, म्हणून कामगारांच्या वाटा आधी जमिनीवरच बांधल्या, तळ्यासाठी खणलेली माती त्यांच्यावर टाकली आणि तिच्यावर बाग वसवली. कचरा, सामान, पोशाख घातलेली माणसं, सगळं पायाखालून ये-जा करतं. नोकरमाणसांना तिथे 'कास्ट मेंबर' म्हणतात, म्हणजे नाटकातले नट.

आता बाबागाडीविषयी. ती हवीच. भाड्याने मिळते, पण मोठ्या मुलांच्या मापाची, कडक. आपली घरची न्यावी. कुठल्याही राइडला गाडी बाहेर ठेवून जावं लागतं, आणि आपण आत असताना तिथली माणसं गाड्या सरकवून रांगा नीट लावतात. बाहेर येऊन बघावं तर शंभर गाड्या, त्यातल्या निम्म्या काळ्या, आणि आपली ठेवली तिथे नाही. मी निघतानाच आमच्या गाडीच्या दांड्याला खणाचा एक तुकडा बांधला होता, लाल, हिरव्या काठाचा. लेक आधी हसली. पण दिवसभरात पाच-सहा वेळा त्या खणानेच गाडी सापडली. एका अमेरिकन बाईने तो हातात घेऊन काठ पाहिला आणि कुठे मिळतो म्हणून विचारलं. गुळेदगुड्ड तिला कसं समजावणार!

नातवासाठी काय होतं? पुष्कळ होतं. तिथे उंचीचा नियम फक्त जोरात पळणाऱ्या राइडना असतो. बाकीच्यांत तान्हं मूलही मांडीवर बसतं. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' नावाच्या राइडमध्ये बोट संथ जाते आणि दोन्ही बाजूंना देशोदेशींच्या मुलांच्या बाहुल्या गातात. मुळात ही १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात युनिसेफसाठी केलेली होती. आत गार आणि अंधार. बाहुल्यांकडे नातवाने ढुंकूनही पाहिलं नाही. तो बोटीच्या कडेवरून पाण्याकडे बघत बसला, आणि बघता बघता त्याचं डोकं माझ्या दंडावर टेकलं.

लाकडी घोड्यांच्या चक्रावर मात्र त्याने कमाल केली. हे चक्र १९१७ साली फिलाडेल्फियाच्या कारखान्यात तयार झालेलं, म्हणजे बागेपेक्षा वयाने कितीतरी मोठं. जावई बाजूला धरून उभे आणि नातू घोड्यावर, दोन्ही हातांनी दांडा पकडून, चेहरा एखाद्या मामलेदारासारखा गंभीर. उतरवलं तेव्हा असा रडला की पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. या उद्योगाचं मूळही अशाच एका चक्रात आहे. वॉल्ट डिस्ने शनिवारी आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात चक्रावर बसवायचा आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसायचा. आई-बापांनी नुसतं बाकावर बसून राहायचं, हे काही बरोबर नाही, सगळ्यांना मिळून मजा करता येईल अशी जागा हवी, असं तिथे त्याच्या मनात आलं, हे तो स्वतःच सांगत असे.

पण मला सगळ्यात आवडलेली जागा राइडची नव्हे. मुख्य रस्ता संपतो तिथे किल्ल्याच्या अलीकडे, क्रिस्टल पॅलेस नावाच्या हॉटेलाशेजारी 'बेबी केअर सेंटर' आहे. फुकट. आईने बाळाला पाजायला शांत खोली, डायपर बदलायला पलंग, भरवायच्या उंच खुर्च्या, गरम करायला मायक्रोवेव्ह. डायपर संपले तर विकतही मिळतात. बाळाचं खाणं आत न्यायला हरकत नसते, म्हणून मी नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात नेला होता. शेजारी एक आजी आपल्या नातीला काहीतरी पिवळं, कुस्करलेलं भरवत होती. तिला इंग्रजी नाही, मला स्पॅनिश नाही. तिने आपला डबा माझ्यापुढे केला, मी नाचणीचा. दोघींनी वास घेतला आणि माना हलवल्या. तेवढ्यात जावई डायपर बदलून आले. पुरुषांच्या प्रसाधनगृहातही तिथे त्यासाठी फळी असते. यांनी ते पाहिलं आणि काही न बोलता चष्मा पुसला.

लेक-जावयांना 'सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन'मध्ये बसायचं होतं. सात बुटक्यांची खाणीतली गाडी ती, ३८ इंचांखाली प्रवेश नाही. अशा वेळी तिथे चांगली सोय आहे. एकाने मूल सांभाळायचं, दुसऱ्याने जाऊन यायचं, मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. याला 'रायडर स्विच' म्हणतात. आई-बापच गेले असतील तर ही सोय जरूर मागून घ्यावी. आम्ही होतो, तेव्हा दोघंही एकदमच गेले. जाताना लेक तीनदा मागे वळली. "आई, उठला तर फोन कर हं." रांग तासाची होती. बाळ झाल्यापासून ती दोघं एक तास मिळून कुठे गेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. बाळ उठलं, बदकांमागे धावलं, पडलं, रडलं, गप्प झालं. मी फोन केला नाही. ती परतली तेव्हा दोघांचे केस विस्कटलेले, आणि लेकीचं हसणं कॉलेजातलं.

दुपारी दोनला आम्ही सरळ मुक्कामावर जाऊन झोपलो. त्याच तिकिटावर त्या दिवशी परत आत येता येतं. लहान मुलाला दुपारभर तिथे फिरवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आणि आपल्यालाही शिक्षा. संध्याकाळी ये-जा करणारी जुनी आगगाडी, नदीतली मोठी बोट असं बसूनचं काही पाहिलं. ती नदी आता नाही, जुलै २०२५ मध्ये बंद झाली.

रात्री किल्ल्यावर शोभेची दारू उडते. जवळून आवाज फार, तान्ही मुलं दचकून रडतात. म्हणून आम्ही आधीच निघून बोटीने तळ्यापलीकडे आलो आणि धक्क्याजवळ थांबलो. तिथून उजेड आधी दिसे आणि आवाज मागून, मऊ होऊन येई. नातू यांच्या खांद्यावर होता. दर वेळी तो आधी आजोबांच्या तोंडाकडे पाही आणि ते हसले की मग आकाशाकडे. लेक फोटो काढायला पुढे झाली तर हे म्हणाले, "थांब गं, आत्ता नको. त्याचं लक्ष जाईल." दारूकाम संपेपर्यंत ती फोन हातात धरून तशीच उभी राहिली. मग जावयांनी दांड्याचा खण सोडून माझ्या हातात दिला, बाबागाडी मिटली, आणि आम्ही त्या अफाट वाहनतळावर आपली गाडी शोधायला लागलो.