पिशवी

पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाटत होते आणि मांडीवरून काहीतरी ऊन ऊन घरंगळलं. वाटलं लघवी सुटली. मोरीत जाऊन बघते तर लाल. २०१६ चा मार्च महिना. माझं वय ५१.

शेजारणी म्हणाल्या, बाईच्या अंगात अजून रग आहे, पाळी माघारी आली. हसल्या. मीपण हसले. मी स्वतः अंगणवाडी सेविका. गावातल्या बायांच्या पाळीच्या तारखा, दिवस गेल्याच्या नोंदी, पोरांची वजनं, सगळं माझ्या वहीत. माझी तारीख तेवढी कुठंच लिहिली नाही.

तालुक्याला एका खासगी डॉक्टरकडे गेले. त्यानं नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून त्याची खुर्ची जरा मागं सरकली असं मला वाटलं. वाटलंच असेल. आपल्याला असं वाटायची सवय आहे, आणि बऱ्याच वेळा ते खरंही निघतं. हात लावून तपासलं नाही. म्हणाला, "तुमच्या लोकांत स्वच्छता कमी असते बाई. इन्फेक्शन आहे." गोळ्या दिल्या. गोळ्या घेतल्या की थांबायचं, संपल्या की चालू. असे नऊ महिने गेले. मी दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागले. घासघासून. जणू त्या माणसाला दाखवायचं होतं मला.

डिसेंबरात चक्कर येऊन पडले तेव्हा मालकांनी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं सोनोग्राफी झाली, पिशवीचं आतलं अस्तर जाड दिसलं. क्युरेटिंग केलं, तुकडा तपासायला पाठवला. कागद आला. कॅन्सर.

परळला टाटामध्ये एका तरुण डॉक्टरणीनं मला कागदावर चित्र काढून समजावलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा. त्याला एक विषाणू कारण असतो. माझा पिशवीच्या आतल्या अस्तराचा. पाळी गेली की अंगातलं एक संप्रेरक कमी होतं, पण चरबीतून दुसरं तयार होत राहतं आणि अस्तराला फुगवत राहतं. त्याला आवरणारं कोणी नसतं. वजन जास्त, साखरेचा आजार, असल्या बायांना धोका जास्त. पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी तपासायलाच हवं. दर वेळी कॅन्सर निघतो असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

मी विचारलं, "मग घाणीनं होत नाही?"

ती म्हणाली, "घाणीचा काय संबंध?"

मी तिथंच रडले. तिला वाटलं कॅन्सरच्या भीतीनं रडते.

नंतर आठवून हसूही आलं. माझी माय गावकीची भाकर मागून आणायची, चार घरच्या शिळ्या तुकड्यांवर आम्हाला वाढवलं. तिच्या लेकीला वजन जास्त म्हणून कॅन्सर व्हावा! पण खुर्चीवर बसून नोंदी, दिवसाला सहा कप गोड चहा, मीटिंगची बिस्किटं. साखर कधी वाढली ते कळलंच नाही.

२०१७ च्या फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. पिशवी, नळ्या, दोन्ही अंडाशयं, आणि आसपासच्या काही गाठी काढल्या. केशरी रेशनकार्डावर योजनेतून झालं, तेव्हा तिला जीवनदायी म्हणत, त्याच वर्षी तिचं नाव बदलून महात्मा फुले झालं. आत टाके, बाहेर टाके. पहिले काही दिवस आम्ही फूटपाथवर होतो, नंतर दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. डॉक्टर म्हणाले, आजार पिशवीच्या भिंतीत निम्म्याच्या पुढं गेलाय, खालून आतून शेक द्यावा लागेल, तारखेला या.

मी गेले नाही.

उसनवारी झाली होती, सासू अंथरुणावर होती, हे सगळं खरं. पण त्याच्याही पाठीमागं खरं सांगायचं तर लाज. खालून नळी घालून शेक देतात हे ऐकलं आणि खोलीत पुरुष असतील हेही ऐकलं. गावातल्या बायांना मी सांगायची, दवाखान्यात लाजायचं नसतं गं. स्वतःवर आलं तेव्हा दात खाऊन गप्प बसले. म्हटलं, पिशवीच नाही तर कॅन्सर होईल कुठं?

२०१९ च्या जुलैत पुन्हा लाल दिसलं. पिशवी काढल्यावर जिथं टाका घातलेला असतो, अंगाच्या वरच्या टोकाला, तिथंच तो परत आला होता. ओटीपोटातल्या एका गाठीतही होता. डॉक्टरीण रागावली नाही. तिनं फक्त जुना कागद काढून तारखेवर बोट ठेवलं.

आता बहिणीचं सांगते. तिचं सांगितल्याशिवाय माझं पुरं होत नाही.

धाकटी माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. धारूर तालुक्यात दिलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. दर साल दिवाळीच्या आगेमागे टोळी निघते, सांगलीकडे, कोल्हापूरकडे, उन्हाळ्याच्या तोंडाला परत. फडात मोरी नाही, पाणी नाही. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. २००८ साली तिची कंबर दुखायची, पांढरं जायचं. एका खासगी दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तिचं वय तेव्हा ३०. मुकादमाकडून उचल घेतली आणि पिशवी काढली. काढलेली पिशवी ट्रेमध्ये घालून भाऊजींना दाखवली. तपासायला पाठवली का? नाही. काही कागद दिला का? बिल दिलं.

२०१९ च्या उन्हाळ्यात बीडच्या ऊसतोड बायांची ही गोष्ट पेपरात आली. सरकारनं समिती नेमली. सर्वेक्षणात १३ हजारांहून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या, कितीतरी चाळिशीच्या आतल्या. बहिणीला मी पेपर वाचून दाखवला. ती म्हणाली, "आक्का, मपलं नाव हाय का त्यात?"

तर असं आहे. तिला कॅन्सर नव्हता, कॅन्सरची भीती घालून तिची पिशवी काढली. मला कॅन्सर होता, नऊ महिने माझ्या पिशवीकडे कोणी बघितलं नाही. दोघींच्या वेळी डॉक्टर खुर्चीत बसून होता. दोघींच्या वेळी त्यानं पोटाला हात लावला नव्हता.

बहीण माझ्याबरोबर मुंबईला आली. मालकांना मोंढ्यातली हमाली सोडून चालणार नव्हतं. ऑगस्ट-सप्टेंबरात २५ शेक झाले, आठवड्याला पाच. पोटावर शाईनं खुणा करतात, त्या पुसू द्यायच्या नाहीत. मग आतून शेक. खोलीत एक पुरुष होता खरा. तो म्हणाला, "आजी, पाच मिनिटं, हलू नका." एवढंच. एवढ्यासाठी मी दोन वर्षं घातली होती.

जुलाब लागायचे, लघवीला आग व्हायची. रात्री धर्मशाळेच्या नळावर बहीण माझी लुगडी धुवायची. मी म्हणायचे, ठेव, सकाळी मी धुते. ती म्हणायची, "झोप गप. फडात ह्याच्याहून वंगाळ धुतलंय." दोघींना अंगातून वाफा यायच्या. दोघी मध्यरात्री उठून बसायचो, पदरानं वारा घालत. दोन बहिणी, आणि पिशवी एकीलाही नाही.

ऑक्टोबरात सलाईनचं औषध सुरू झालं. दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा. दुसऱ्या डोसाच्या आधीच केस हातात आले.

आणि टोळी निघाली. उचल आधीच घेतलेली. कोयता पुरा लागतो, अर्धा चालत नाही. बहीण इकडे माझ्यापाशी. मग भाऊजींनी पोरीला नेलं. पंधरा वर्षांची, दहावीत होती. हे मला कोणी सांगितलं नाही. बहीण फोनवर हळू बोलायची, मला वाटायचं नवऱ्याशी भांडते. माझ्या उपचाराचे पैसे योजनेनं भरले. बहिणीचा खाडा त्या पोरीनं भरला.

६ डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला गेलो. धर्मशाळेतून चालत. डॉक्टर म्हणाले होते गर्दीत जाऊ नका. पण दादरला असून त्या दिवशी पडून राहायचं, हे माझ्यानं झालं नसतं. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, तोंडाला फडकं. रांगेत वाऱ्यानं पदर खाली आला आणि टक्कल उघडं पडलं. पुढची एक म्हातारी, विदर्भाकडची असावी, वळली आणि एकदम माझ्या पायाशी वाकली. तिला वाटलं मी भिक्खुणी. हातात दहाची नोट द्यायला लागली. मी म्हटलं, "नाही हो आजी, मी भिक्खुणी नाही. कॅन्सरचं औषध चाललंय." तिनं नोट मागं घेतली नाही. मुठीत कोंबली आणि म्हणाली, "मंग तं घेच."

ती नोट अजून माझ्या फायलीत आहे. गाडगेबाबा बाबासाहेबांच्या मागं चौदा दिवसांनी गेले, २० डिसेंबर १९५६ ला. त्यांच्या नावाच्या छपराखाली निजायचं आणि बाबासाहेबांच्या दर्शनाला चालत जायचं, हे माझ्या मायला सांगायला हवं होतं.

फेब्रुवारीत शेवटचा डोस झाला. २०२० च्या मार्चात स्कॅन झाला आणि थोड्याच दिवसांत लॉकडाऊन. आम्ही शेवटच्या गाड्यांपैकी एका गाडीनं गावी पोचलो. कागदावर होतं, आजार दिसत नाही. डॉक्टरीण "बरी झालीस" असं म्हणत नाही. आजही म्हणत नाही. "दिसत नाही" म्हणते. आधी दर तीन-चार महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, आता वर्षानं एकदा जाते. जायच्या आधीचे आठ दिवस मी कुणाशी धड बोलत नाही. तळपायाच्या मुंग्या गेल्या नाहीत. शेकानं अंग आतून आवळलंय, मालकांशी त्या बाबतीत जे बोलायचं ते एकदाच बोलले. ते म्हणाले, "तू हायस ना." विषय संपला.

पोरीचं २०२२ साली लग्न लावलं. आता ती २१ वर्षांची, दोन लेकरं, आणि तिचाही कोयता. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, कंबर दुखती, पांढरं जातंय. डॉक्टर म्हनतो पिशवी काढ. मावशीला झालाय म्हंजी तुलाबी होनार म्हनतो."

माझा कॅन्सर दाखवून तो तिला भिववत होता.

मी फाईल काढली. माझ्या गाठीच्या तुकड्यावर परळला एक तपासणी केली होती, घराण्यातून येणारा प्रकार आहे का ते बघायला. तसं काही निघालं नाही. तो कागद होता. पोरीला आधी अंबाजोगाईला नेऊन तपासून घेतलं. इन्फेक्शन होतं, या वेळी खरंखुरं, गोळ्यांनी बरं होणारं. मग फाईल कापडी पिशवीत घालून तिला घेऊन त्या दवाखान्यात गेले.

"हीच ती मावशी," मी म्हटलं. कागद एकेक करून टेबलावर ठेवले. त्यानं दोन पानं उलटली. मी विचारलं, "२०१९ पासून पिशवी काढायला शल्यचिकित्सकांची परवानगी लागते जिल्ह्यात. घेतली का?"

तो म्हणाला, "मी फक्त सल्ला दिला होता."

"लिहून द्या तो सल्ला."

त्यानं लिहून दिला नाही. आम्ही उठलो. बाहेर पोरीनं पिशवी माझ्या हातातून घेतली, जड आहे म्हणाली. चालता चालता मी तिला विचारलं, शाळेचा दाखला कुठं ठेवलाय. ती थांबली. म्हणाली, आईकडं पत्र्याच्या पेटीत असंल, का गं?

१७ नंबरचा फॉर्म असतो. बाहेरून दहावीला बसता येतं. टोळी निघायच्या आत भरायला पाहिजे.