उचंत खातें

वाणिज्य शाखेच्या मुलांना मी गेलीं जवळजवळ तीस वर्षें जमाखर्च शिकवीत आलों आहें. या अवधींत पुस्तकें बदललीं, परीक्षेची पद्धति बदलली, फळ्याच्या जागीं पडदा आला. पण एक धडा असा आहे कीं, तो सुरू होतांच वर्गांत अजूनही हशा पिकतो. तो धडा उचंत खात्याचा. खतावणींतील सर्व खात्यांच्या बाक्या एकत्र मांडून तेरीज केली, आणि जमेची व नांवेंची बेरीज कांहीं केल्या जुळेना, तर चूक सांपडेपर्यंत तेवढा फरक ज्या खात्यांत टाकून ठेवावयाचा तें उचंत खातें. "म्हणजे सर, चूक झांकून ठेवायची जागा!" असें कोणी तरी व्रात्य विद्यार्थी म्हणतोच. मी त्याला दुरुस्त करतों, "अरे, झांकायची असती तर तिच्या नांवाचें खातें कशाला उघडलें असतें?" आणि हें सांगतांना दर वर्षीं मला माझ्या स्वतःच्या एका उचंत खात्याची आठवण होते. तें मीं १९९९ सालीं उघडलें. तें अद्यापि बंद झालेलें नाहीं.

माझा जन्म सांगलीचा. वडील—आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं—हळदीच्या एका अडत दुकानीं दिवाणजी होते. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण माझ्या लेखीं त्या हळदीचा शिक्का अण्णांच्या सदऱ्याच्या बाह्यांवर त्यापूर्वीं कितीतरी वर्षें उमटलेला होता. हरिपूरच्या मातींत खोल पेवें खणून व्यापारी त्यांत हळद सांठवीत. २००५ च्या महापुरानें त्या पेवांची फार हानि केली. पेवांतली हळद जशी वर्षानुवर्षें टिके, तसा अण्णांच्या कीर्दींतला आंकडा टिके. पानाच्या माथ्यावर श्री, खालीं तारीख, डावीकडे जमा, उजवीकडे नांवें. खाडाखोड वर्ज्य. चूक झालीच, तर आंकड्यावर एकच आडवी रेघ, आणि तीही अशी कीं खालचा आंकडा वाचतां यावा. वर बरोबर आंकडा, व शेजारीं सही. पान फाडणें हें तर महापाप!

तेरजेंत फरक आला कीं अण्णा प्रथम त्याला नवानें भागून पाहत. भाग निःशेष गेला, तर म्हणत, "कोठें तरी आंकडे उलटे पडले आहेत. शोधा." कारण शेजारचे दोन आंकडे उलटे लिहिले गेले, तर येणारा फरक नेहमीं नवाच्या पटींत असतो. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानें १४९४ सालीं व्हेनिस येथें द्विनोंदी पद्धतीचें विवरण छापून प्रसिद्ध केलें, हें मीं पुढें महाविद्यालयांत इंग्रजी ग्रंथांत वाचलें. पण नवाची ही युक्ति मला तत्पूर्वींच सांगलीच्या पेठेंत मिळालेली होती.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी घेऊन १९९६ सालीं मी साताऱ्यांतील एका शाळेच्या उच्च माध्यमिक वर्गांवर शिक्षक झालों. पुस्तपालन आणि चिटणिसाची कार्यपद्धति हे माझे विषय. त्यांत संगणकाची भर पडली, ती केवळ मी वयानें सर्वांत लहान होतों म्हणून. १९८४ सालीं केंद्र सरकारनें निवडक शाळांना 'बी. बी. सी. मायक्रो' नांवाचे इंग्लंडांतले संगणक देऊन या शिक्षणाचा श्रीगणेशा केला होता. आमच्या वांट्याला पहिला संगणक यावयास पुढें एक तप लोटलें. आला तो एकच! त्याची खोली म्हणजे जणूं देवघर: पादत्राणें बाहेर, यंत्रावर मखमली आच्छादन, दसऱ्याला झेंडूची माळ, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशांत. साठ मुलांना मी फळ्यावर कळफलक काढून शिकवीत असें, आणि मुलें पुठ्ठ्याच्या कळफलकावर मोठ्या भक्तिभावानें बोटें फिरवीत.

एकदां अण्णा साताऱ्यास आले असतां मीं त्यांना मोठ्या अभिमानानें तें देवघर दाखविलें. एक चुकीची रक्कम मुद्दाम घातली, मग ती पुसून दुसरी घातली. क्षणार्धांत खतावणी, तेरीज, ताळेबंद—सारें कांहीं आपोआप बदललें. अण्णा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले,

"आधींची रक्कम कोठें गेली?"

"गेली, अण्णा. हीच तर यांतली गंमत!"

"पण ती कोणीं घातली, कोणीं काढली, हें कोठें दिसतें?"

मी हंसलों. पदवीधर मुलगा अडाणी प्रश्न ऐकून जसा हंसतो, तसाच हंसलों. अण्णांनीं चष्मा पुसला आणि दुसराच विषय काढला.

पुढच्या दिवाळींत अडत दुकानींही संगणक आला. मालक सज्जन, अण्णांना कोणी जा म्हटलें नाहीं. पण लिहावयाला वही उरली नाहीं, तेव्हां तेच आपण होऊन घरीं बसले. टॅली कशी चालवावी हें तेथल्या पोरांना दोन रविवार खर्चून मींच शिकविलें होतें. त्या रविवारीं दुपारचें जेवण मी अण्णांच्याच पंक्तीला घेत असें. त्यांनीं त्याविषयीं मला एका अक्षरानेंही विचारलें नाहीं.

१९९९ च्या एप्रिलांत अकरावीचे गुण प्रथमच संगणकावर चढवावयाचें ठरलें, आणि तें काम अर्थातच माझ्याकडे आलें. रात्रीं उशिरापर्यंत बसून मीं तें पुरें केलें. सुबक छापील निकाल लागला; सर्वांनीं वाखाणला. जूनमध्यें वर्ग भरले, तेव्हां कोरेगांवच्या पलीकडच्या एका खेड्यांतून येणारा एक मुलगा दिसला नाहीं. मुलगा अबोल, पण त्याचें अक्षर मोत्यासारखें. निकालपत्रांत पुस्तपालनांत त्याला १४ गुण होते, व त्या एका विषयानें तो नापास ठरला होता. जुलैमध्यें उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून ठेवतांना त्याची पत्रिका हातीं आली. तिच्यावर माझ्याच हस्ताक्षरांत तांबड्या शाईनें गुण लिहिलेले होते: ४१. फरक सत्तावीस. सत्तावीसला नवानें भागून पाहण्याची मला गरज राहिली नाहीं.

मीं संगणकाच्या खोलींत जाऊन १४ चे ४१ केले. एक कळ दाबली, आणि मुलगा उत्तीर्ण झाला. नवा कागद छापून दप्तरांत लावला. जुना फाडून टाकला. कोणीं विचारलें नाहीं, कारण विचारावें असें कोठें कांहीं दिसतच नव्हतें.

त्या रविवारीं मी त्या खेड्यांत गेलों. मुलाचा बाप गोठ्यापाशीं वैरण तोडीत होता. पोर पुण्याला एका कापडाच्या दुकानांत लागल्याचें त्यानें सांगितलें. "नापास झालं, म्हनून म्याच धाडलं. कशाला ह्यो खर्च, मास्तर?" मीं म्हटलें, "तो नापास नव्हता हो. संगणकाची चूक झाली."

हें वाक्य माझ्या तोंडून किती सहज निघून गेलें! बापानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, आणि कोयता खालीं ठेवून तो म्हणाला, "मग यंतराला कोन काय बोलनार? ऱ्हाऊ द्या. आता पोरगं तितं रमलंय. बसा, चा घ्या." मीं तो चहा घेतला. मुलाचा पत्ता मागावा असें मला सुचलें नाहीं. कीं मागण्याचें धैर्य झालें नाहीं, हें मी आजही खात्रीनें सांगूं शकत नाहीं.

पुढें सांगलीस गेल्यावर हें सर्व मीं अण्णांना सांगितलें. ते उठले, आणि फडताळांतून एक तांबड्या कापडाची जुनी कीर्द घेऊन आले. दुकानानें वह्या रद्दींत काढल्या तेव्हां ती त्यांनीं मागून ठेवली होती. त्यांनीं एक पान उघडलें. एका शेतकऱ्याच्या नांवापुढें ३६ वर आडवी रेघ, वर ६३, आणि शेजारीं अण्णांची सही. "मालक त्या दिवशीं मला चारचौघांत बोलले," अण्णा म्हणाले. "पण ही चूक अजून माझी आहे. तुझी कोणाची?"

अण्णा २००८ सालीं गेले. त्यांच्या प्रश्नाला उत्तर मात्र सरकारी नियमांतून आलें, तेंही फार उशिरां. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशेबासाठीं अशीच संगणक-प्रणाली वापरावी लागते कीं, जिच्यांत प्रत्येक फेरफाराची नोंद तारखेसह राहील, आणि ती नोंद ठेवण्याची सोय कोणाला बंद करतां येणार नाहीं. अण्णांची आडवी रेघ अखेर कायद्यांत आली. आतां महाविद्यालयांत हा नियम शिकवितांना मी मुलांना साताऱ्याचेंच एक उदाहरण देतों. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा येथल्या सरकारी शाळेंत दाखल झाला. आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या त्या दाखलपुस्तकांत १९१४ या क्रमांकापुढें त्याची नोंद अजून पाहावयास मिळते. शाळेच्या दप्तरांतली एक ओळ केवढी मोलाची असूं शकते, हें त्यावरून मुलांना चटकन् कळतें. नंतर मी त्यांना १४ आणि ४१ ची गोष्ट सांगतों.

यंदां ती ऐकून मागच्या बांकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मग त्या मुलाला खरें कोणीं सांगितलें?" वर्ग एकदम शांत झाला. तास संपल्याची घंटा झाली, आणि तिच्या आडून मी सुटलों.

परंतु तिचा प्रश्न सुटला नाहीं. तो मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. त्याचें स्वतःचें दुकान असेल, किंवा नसेलही. अकरावी पास झाला असता तर काय झालें असतें, हा हिशेब कोणत्याच वहींत मांडतां येत नाहीं. मला मांडतां येते ती एवढीच नोंद, आणि ती मी येथें माझ्या नांवें टाकतों: त्याला पुस्तपालनांत ४१ गुण होते. चौदा मीं लिहिले होते; यंत्रानें नव्हे.