बदली तास

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. पहाटे चारला कंपनीची गाडी सूनबाईला डोंबिवलीत दारात सोडून गेली. आमच्या वयात झोप ती केवढी, मी जागीच होते. तिचा चेहरा उतरलेला पाहून चहा टाकला.

ऐरोलीच्या एका कंपनीत ती अमेरिकेतल्या ग्राहकांच्या तक्रारींचं काम बघते. तक्रारीची मेल आली की त्या वेळी ज्याची शिफ्ट असेल त्याच्या नावावर ती आपोआप जाते. त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये नावं आणि वेळा भरून ठेवलेल्या असतात. आता गंमत अशी, की 2007 पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे करतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, त्या दिवसापासून साडेसहाच. सूनबाईने मुलांना तासभर आधी बोलावलं, गाड्यांच्या वेळा बदलल्या, कॉम्प्युटरमधली यादी तेवढी राहिली. सोमवारी त्या तासाभरातल्या सगळ्या मेल दिवसपाळीच्या मुलाच्या नावावर जाऊन पडल्या. तो बिचारा तेव्हा ठाण्याला उतरून कल्याण लोकल पकडायला धावत होता. आणि रात्रपाळीची मुलं, आज काम कमी दिसतंय, म्हणून खूश!

"माझंच चुकलं आई," ती म्हणाली. मला एकदम आमची शाळा आठवली.

शाळा दोन सत्रांत भरायची. मी पर्यवेक्षिका होते, बदली तासांचा तक्ता माझ्याकडे. एकदा दोन बाईंची सत्रं मी आपसात बदलली. वर्ग दिले, हजेरीपट दिले. पण एका मुलीला फिट येते, अशी तिच्या आईने लिहून दिलेली चिठ्ठी जुन्या बाईंच्या कप्प्यातच राहिली. आठवड्याभरात मुलगी वर्गात कोसळली. नव्या बाई घाबरून गेल्या. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली. (यातलं काही करायचं नसतं, कुशीवर वळवून ठेवायचं, हे आम्हांला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.) मुलगी सावरली. तिची आई आली, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मी लिहून दिलं होतं हो." ते वाक्य अजून जात नाही. चिठ्ठी होती वर्गासाठी आणि मी ती माणसाच्या कप्प्यात ठेवू दिली होती. पुढे अशा चिठ्ठ्या हजेरीपटालाच टाचायला लावल्या.

"मग मेलही शिफ्टच्या पेटीत टाका की," मी म्हटलं.

"तेही करून पाहिलं आई. सगळ्यांची पेटी कुणीच उघडत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल."

हे मात्र मला सुचलं नव्हतं! आता मेल शिफ्टच्या पेटीत येते, शिफ्टचा मुख्य ती लगेच एकाच्या नावावर टाकतो, आणि उठताना उरलेल्या मेल पुढच्या माणसाला एकेक करून समजावून द्यायच्या, असं तिने ठरवलंय. पाहू या.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती घड्याळं परत मागे जातात. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाच्या जागी, तिने आत्ताच लाल पेनने लिहून ठेवलंय : "यादी!!"